पाकिटावरचं साल
डांबरगोळ्यांचा वास आला की सिल्वासातला एक नाताळ आठवतो आणि जीव कासावीस होतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे शिक्षक होतो आणि जुन्या रेकॉर्डची मूळ छपाई कोणती, नंतरची कोणती, हे ओळखण्यात माझं नाव होतं. शेजारच्या गोवेकर म्हाताऱ्यांनी त्या दुपारी डांबरगोळ्यांचा वास भरलेल्या कपाटातून नाताळच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात ती बायकोला दिली होती, असं ते सांगू लागले. बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं. जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात कामाला असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पांची नेहमीची स्टोरी! मास्तर, तुम्हीच बघा." मी पाकिटावर छापलेलं साल वाचून ऐटीत सांगितलं, "ही तर तुमच्या लग्नानंतर दहा वर्षांनी निघालेली." "बघा, मम्मीलाही टोपी घातली!" मुलगा म्हणाला, आणि जमलेले सगळे हसले. म्हातारे एवढंच म्हणाले, "नाही हो मास्तर, तेव्हाच दिली मी तिला." रेकॉर्ड परत ठेवताना मी ती उजेडात तिरकी धरली. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला आकडा पहिल्या छपाईचा होता. पाकीट तेवढं नंतरचं. मूळचं वाळवीने खाल्लं असणार. चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी गप्प राहिलो. पुढच्या नाताळात त्यांनी ती रेकॉर्ड लावली नाही, आणि त्यापुढचा नाताळ त्यांना दिसला नाही. आज त्या मुलाला पत्र लिहायला बसलो आहे. 'तुझे पप्पा खरं सांगत होते' एवढं लिहून झालं आहे, आणि हे मला त्याच दुपारी कळलं होतं, ही पुढची ओळ लिहायला हात धजत नाही.