वायर धरून बसलेले बाबा

बाबांच्या मोबाइलला वायर नीट बसत नव्हती. ती एका बाजूला दाबून धरली, तरच कॉम्प्युटरला मोबाइल दिसायचा. म्हणून बाबा स्वतःच ती अंगठ्याने दाबून बसले होते, श्वाससुद्धा जपून घेत. स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकत होती, अडत होती, पुन्हा सरकत होती.

"हात हलवू नका हं," आई म्हणाली. मग मला, "कॉपीच कर. कट नको. त्यांच्याकडून आता काही काढून घ्यायचं नाही."

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज गेला. उरला होता तो या मोबाइलमध्ये, त्यांनी आम्हाला पाठवलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये; आमच्या मोबाइलवरचे आम्ही कधीच पुसून टाकले होते. आणि मोबाइलही हल्ली मधूनच बंद पडायचा. भाजी काय आणू, गॅस बंद केला का, एवढ्यातेवढ्यासाठी माणूस आपला आवाज उधळत असतो. तोच आता एका बारीक वायरमधून अडखळत येत होता, आणि आम्ही तिघं पट्टीवरून नजर हलवायला घाबरत होतो.

पट्टी भरली. मी पहिली फाइल लावली.

"हॅलो, ऐकू येतंय का?"

रेकॉर्डिंग असलं तरी बाबा सुरुवात फोनसारखीच करायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. त्या थांबण्यावर आम्ही किती हसायचो! आज ती शांतता आली, तेव्हा कुणीच हसलं नाही. बाबांनी वायर अजून सोडली नव्हती.

आई कॉम्प्युटरकडे वाकली.

"येतंय हो," ती म्हणाली. "बोला."