उठलेल्या गावातलं जातं

माकणीच्या धरणासाठी आमच्या भागातलं एक गाव उठलं, पण पुढं दुष्काळ पडला आणि धरणात पाणीच आलं नाही. माणसं माळावरच्या नव्या वस्तीत गेली होती. खाली गाव तसंच उभं होतं, दारं-छपरं काढून नेलेलं.

मी तेव्हा दूध सोसायटीच्या दवाखान्यात नर्स होते. सरकारी दवाखाना लांब, म्हणून सोसायटीनंच हा काढलेला. सकाळी दुधाचे कॅन पोचवून आली की सोसायटीची तीच गाडी औषधं घेऊन वस्त्यांवर फिरायची. जनावरं चाऱ्याविना गेली, दूध आटलं, तरी चेअरमन म्हणाले, "दूध न्हाय म्हणून गाडी थांबवायची न्हाय."

एकदा नव्या वस्तीवर गाडी थांबते न थांबते तोच एक म्हातारी धावत आली. तिची सून नुकतीच बाळंत झालेली, अंगात ताप. लेकरू घेऊन सकाळीच कुठंतरी निघून गेली होती.

"कुठं गेली असेल, मावशी?"

"खाली. जुन्या घरात." म्हातारीनं आवाज खाली आणला. "कुणी येईना बघा माझ्यासंगं. दुपारचं तिथं दळल्याचा आवाज येतोय म्हणत्यात."

ड्रायव्हरभाऊ आणि मी निघालो. ऊन डोक्यावर होतं. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. वळणावर जात्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यावर ओवी. भाऊ जागीच थांबले.

"बाई, दोघी हायेत."

मीही ऐकत होते. एक आवाज तरुण होता. दुसरा जाड, थकलेला, अर्धा शब्द मागं राहणारा.

मी एकटीच आत गेले. छप्पर नसलेल्या घरात, जमिनीत पुरलेल्या जात्यापाशी ती एकटी बसली होती. जात्यात मूठमूठ माती घालत होती. शेजारी सुपात लेकरू, तोंडावर बारीक धूळ. छाती हलताना दिसली तेव्हा मी पुढं झाले.

"हळू बोला," ती म्हणाली. "तिचं लेकरू निजलंय."

"कुणाचं?"

तिनं समोरच्या रिकाम्या जागेकडं बोट केलं. तिथली जमीन कुणीतरी झाडलेली होती. तरी मी त्याच जागी बसले, जात्याचा खुंटा धरला आणि म्हटलं, "तिला दमायला झालंय. आता मी ओढते. तू ऊठ."

तिनं हात सोडला. तो हात तव्यासारखा तापला होता.

रिकामे कॅन रस्त्यावरच उतरवून आम्ही तिला गाडीत निजवलं. बाळंतपणाचा ताप डोक्यात गेला होता. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, म्हातारी उशाशी बसून राहिली, मी लेकराला चमच्यानं दूध पाजत होते. ताप उतरला तशी सुनेला आपली माणसं ओळखू यायला लागली. चेअरमननी सगळं ऐकून घेतलं आणि तेव्हापासून प्रत्येक बाळंतिणीच्या घरी मला पाठवायचं ठरवलं. पुढं वस्तीतल्याच दोघी बायकांना मी हे काम शिकवलं.

काही महिन्यांनी ती सून लेकराला लस टोचून घ्यायला आली. अंगानं भरलेली, हसतमुख. मी सहज विचारलं, "त्या दिवशी समोर कोण होतं गं?"

तिचं हसू मावळलं. तिनं लेकराचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले.

"ह्याच्यादेखत नका इचारू, बाई."