उपास सोडला

"हिला कोठीत न्या. बटाट्याच्या काट्यावर."

डॉक्टर एवढंच बोलला. तेही माझ्याकडे न बघता. मी दवाखान्याच्या वजनकाट्यावर उभी होते आणि सुई शेवटाला जाऊन अडकली होती. भोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. एक पोरगी तोंडावर हात धरून हसली.

मला मागच्या कोठीत नेलं. तिथं पोती तोलायचा लोखंडी काटा होता. वॉर्डबॉयनं एक पोतं खाली ढकललं आणि म्हणाला, "बसा मावशी." मी बसले. फळीवर बटाट्याची माती होती, ती लुगड्याला लागली. घोळका बघायला आलाच.

आणीबाणी उठली त्यानंतरच्या सालातली ही गोष्ट. नाशकातला तो धर्मादाय दवाखाना होता. मी नाशिकरोडच्या वस्तीतून बसने एकटीच आले होते. सोबत कोण येणार? नवरा रेल्वेत, इगतपुरीला. तिकडंच त्यानं दुसरं घर केलं होतं. जाताना म्हणाला होता, "तुझ्यासंगं रस्त्यानं चालायची लाज वाटती." बाळंतपण एकच झालं. लेकरू जगलं नाही. त्या बाळंतपणापासून बेंबीजवळ गोळा मात्र राहिला. खोकलं की बाहेर यायचा. आधी लिंबाएवढा होता, पुढं मोसंबीएवढा झाला.

डॉक्टर म्हणाला, आतडं बाहेर येतंय. एखाद्या दिवशी अडकलं तर जीव जाईल. ऑपरेशन लागेल, पण एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत.

मी म्हटलं, "मग चरबी पण कापूनच काढा ना, साहेब."

सगळे हसले. तो म्हणाला, "ते कापायचं तरी आधी वजन उतरवावं लागेल, बाई. उपास कर. सुई शेवटाच्या अलीकडं थांबली की ये."

बाहेर सिस्टरनं माझ्या केसपेपरवरचं आडनाव वाचलं. म्हणाली, "तुमच्या लोकांत उपास कुठला असतो? म्हणून अशी वाढलीस."

आमच्यात उपास नव्हता, हे खरं. मी लहान असताना वडिलांनी धम्म घेतला. सिन्नरकडच्या आमच्या गावात त्यांनी देव्हारा उचलून नदीत सोडला आणि आईला सांगितलं, आजपासून या घरात कुणी उपाशी राहायचं नाही. उपासमार पुष्कळ झाली, आता उपास बंद. आईनं त्या दिवशी शनिवार मोडून भाकरी खाल्ली. मी चौथीपर्यंत शिकले. तिथं शिकलेलं बरंच विसरले, पण ती भाकरी लक्षात आहे.

आता डॉक्टर उपास सांगत होता. जीव वाचवायचा तर करायला पाहिजे. पण करतात कसा, ते मला माहीत नव्हतं. शेजारच्या शांताबाईला विचारलं. ती मराठ्याची, बारा महिने काही ना काही उपास धरणारी.

"अगं, सोपं हाय," ती म्हणाली. "भाकरी नाय, भात नाय. साबुदाण्याची खिचडी करायची. उकडलेला बटाटा, रताळं. शेंगदाण्याचा लाडू जवळ ठिवायचा. चक्कर येत नाय मग."

"रोज?"

"रोज तर आमी पण नाय करत! तू लय मोठी भक्तीण व्हणार बघ."

मी रोज केला. मी बिड्या वळायचे. सकाळपासून सूप मांडीवर घेऊन बसायचं, पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. उठणं नाही, चालणं नाही. आणि वर उपासाचं खाणं. भाकरीवाचून जीव तडफडायचा. वस्तीतल्या बाया भाकरी थापायच्या, तो आवाज माझ्या खोलीत यायचा. मी दार लावून एकटी खिचडी गिळायचे. वडिलांनी बंद केलेलं मी पुन्हा सुरू केलं, हे मनात टोचायचं. पण वाटायचं, सुई हलेल.

पुन्हा गेले. सुई शेवटालाच. डॉक्टर म्हणाला, "कोठीत न्या." कोठीत वजन आधीपेक्षा जास्त भरलं.

"चोरून खाल्लंस," डॉक्टर म्हणाला.

"नाही साहेब. रोज उपास केला."

"काय खायचीस?"

मी सांगितलं. साबुदाणा म्हटल्यावर एक जण हसला. शेंगदाण्याचा लाडू म्हटल्यावर सगळेच हसले. डॉक्टर पण. एक शिकाऊ पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "साबुदाण्यानं वजन वाढतं, एवढंही कळत नाही यांना."

म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांच्या घरी सगळे उपास होत होते. मला मात्र 'उपास कर' एवढंच सांगून घालवलं होतं.

डॉक्टर म्हणाला, "पुढच्या खेपेला परत इथंच बसवा हिला. लाज वाटली तरच उतरेल."

मी त्या फळीवरून उठले. लुगड्याची माती झटकली.

"मी पोतं नाही. परत या काट्यावर बसणार नाही."

"मग ऑपरेशन विसर."

"ऑपरेशन करून घेणार. माणसांच्या काट्यावर उभी राहीन, तेव्हा करा."

कुणी हसलं नाही. कुणी थांबवलंही नाही. मी बसची वाट न बघता चालत घरी आले. चूल पेटवली आणि भाकरी थापली. दार उघडं ठेवून खाल्ली. उरलेला साबुदाणा शांताबाईला दिला.

त्या दिवसापासून अर्धी भाकरी आणि तेलाशिवाय पाण्यात शिजवलेली पालेभाजी. पोटाला फडकं घट्ट बांधून बिड्यांचा माल कारखान्यात चालत नेऊन द्यायचे. गोळा दुखायचा. कधी रस्त्यातच बसून हातानं आत ढकलायचे आणि पुन्हा उठायचे. माणसं बघायची. विचारलं कुणी नाही.

पावसाळा गेला, थंडी गेली. मग दवाखान्यात जाऊन काट्यावर उभी राहिले. सुई शेवटाच्या अलीकडं थांबली.

डॉक्टर खूश झाला. घोळक्याला म्हणाला, "बघा. लाज वाटली म्हणून उतरलं."

मी म्हटलं, "नाही. उपास सोडला म्हणून उतरलं."

त्याला कळलं नाही. त्याला कळावं म्हणून मी बोललेही नव्हते.

ऑपरेशन झालं. शेजारच्या खाटांवर डबे येत होते. माझ्या खाटेपाशी कुणी आलं नाही. पहिली भाकरी खायची परवानगी मिळाली, तेव्हा दवाखान्यानं दिलेली ती वॉर्डात सगळ्यांसमोर बसून, सावकाश खाल्ली.

आता म्हातारी झाले. वजन पुन्हा चढलंय. गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं तर आधी वजन उतरव, म्हणतात. उतरवीन. पण काय खायचं, ते आधी नीट सांगायला लावीन. आणि सुई अडकली, तर मोठा काटा दवाखान्यानं आणावा. मी कोठीत जाणार नाही.