तोरणाच्या खिळ्याची परडी

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर प्रतापरावांना नाद लागला तो पाडलेल्या घरांच्या लाकडातून वाडगे कातण्याचा. काचीगुड्याच्या घरामागच्या पडवीत लेथचं यंत्र घरघरायला लागलं की कणकेतसुद्धा भुसा सापडतो, अशी त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाईंची रोजची कुरकुर. पण यांच्या हातांना देवाने काम दिलं, म्हणून सांजवात लावताना हातही त्याच जोडायच्या.

यंदाचं लाकूड मात्र परकं नव्हतं. वडिलांचं घर बिल्डरने पाडलं, तेव्हा दारावरची सागवानी गणेशपट्टी प्रतापरावांनी मागून आणली. निम्मी वाळवीने खाल्लेली. धड तुकड्यातून जेमतेम एक वाडगा निघणार होता, आणि तो हिमायतनगरला थोरल्या बहिणीला, कुसुमताईंना, भाऊबीजेला द्यायचा होता. घर गेल्यापासून ताई माहेरचं नावच काढत नव्हत्या.

त्या पट्टीवर दर दसऱ्याला तोरणासाठी नवा खिळा ठोकला जाई. तोरणाचा जुना खिळा उपटायचा नाही, हा वडिलांचा दंडक. प्रतापरावांनी दिसले तेवढे खिळे पकडीने काढले. आत लपलेले शोधायला लोहचुंबक फिरवायचं राहूनच गेलं. वाडगा होत आला, आतून तळ पातळ करत होते, तोच पटाशी खाडकन उडाली. लाकडात मोडून राहिलेला एक खिळा बाहेर पडला, तो तळाला आरपार भोक पाडूनच.

प्रतापरावांनी यंत्र बंद करून खिळा उचलला. "आता ताईला काय देऊ?"

"आहे तेच द्या," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "वन्सं काही परक्या नाहीत."

भाऊबीजेला ताईंनी ओवाळल्यावर प्रतापरावांनी वाडगा ताटात ठेवला, शेजारी तो गंजका खिळा. "माझीच घाई नडली, ताई."

ताईंनी भोकातून बोट घालून पाहिलं. "हौ, घाई तुझी लहानपणापासूनची. तोरणाचे खिळे तूच वाकडे मारायचास. मी आपली स्टूल धरून उभी."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मग उठून त्यांनी पूजेची फुलं धुतली आणि वाडग्यात ठेवली. भोकातून पाणी खालच्या ताटात ठिबकू लागलं.

"रोज ओल्या फुलांनी देवाची वस्त्रं भिजायची रे. आयती परडी दिलीस."

प्रतापराव देवापुढे वाकले.

"आणि पुढच्या दसऱ्याला माझ्या दाराला तोरण बांधायला ये," मागून ताई म्हणाल्या. "स्टूल मी धरते."