पत्र्याखालचा बिंदू

भागुबाईने चाळीस वर्षं मिठागरात मीठ ओढलं. मिठागर बंद पडलं तेव्हा तिने आणि नवऱ्याने, काळूरामने, डोक्यावरून भराव वाहून बांधालगत दोन खोल्या उभ्या केल्या. पुढे पत्र्याची पडवी. काळूराम गेला, त्यानंतर बाई एकटीच.

तिचा एक हट्ट होता. दारात आलेलं माणूस उन्हात उभं राहता कामा नये. मीटर बघणारा असो की हवालदार, पहिलं वाक्य ठरलेलं, "उनान नको उभा ऱ्हाऊस बाला, सावलीन ये." मग ताक.

मे महिन्यात प्रज्योत आला. ठेकेदाराने सर्वेक्षणाला लावलेला पोरगा. खाडीकाठच्या प्रत्येक घरापाशी मोबाइलवर एक बिंदू घ्यायचा. बिंदू राखीव कांदळवनाच्या रेषेबाहेर पडला तर घर राहणार, आत पडला तर तुटणार. बाईने त्यालाही पडवीत बसवलं. त्याने ताक पीत बटण दाबलं आणि पुढच्या घराकडे गेला.

यादी लागली तेव्हा बाईचं घर रेषेच्या चार मीटर आत होतं. हरकतीला सात दिवस.

मी त्याच वस्तीतला, दहावी नापास माणूस, पण मोबाइल जागा कशी शोधतो ते रात्रंदिवस वाचून शिकलोय. उपग्रहाचा सिग्नल सरळ आला तर ठीक. पत्रा डोक्यावर असला की तो इकडेतिकडे आपटून येतो. लांबचा रस्ता धरून आला, की मोबाइलला वाटतं उपग्रहच लांब आहे. मग तुम्हाला उचलून दुसरीकडेच ठेवतो.

मी दोन मोबाइल आणले, दोन फ्रिक्वेन्सीवाले, म्हणजे जागा जास्त नेमकी सांगणारे. एक बांधावरच्या मोजणीच्या दगडावर ठेवला, ज्याची खरी जागा सरकारी कागदात आहे. दुसरा बाईच्या अंगणात, उघड्या आभाळाखाली, बांबूला बांधून. दोन्ही एकाच वेळी दीड तास चालू. दगडावरचा मोबाइल जितका चुकला तितकी चूक अंगणातल्या आकड्यातून वजा केली, तिथून घराच्या भिंतीपर्यंत टेप लावली. घर रेषेच्या अकरा मीटर बाहेर. मीटरभर इकडेतिकडे झालं तरी बाहेरच.

बाई दारातून बघत होती. "काय रं, सापडला का माझा घर?"

मला चेव आला होता. बोटाने पत्रा दाखवत मी म्हणालो, "घर जाग्यावरच आहे, भागुबाय. त्या पोराने पत्र्याखाली बसून बिंदू घेतला, म्हणून पंधरा मीटर सरकलं."

तिने वर पत्र्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मीच बोलावला ना त्याला सावलीन."

तेव्हा ते मी कानाआड केलं. मला हरकती घेणारा साहेब गाठायचा होता.

साहेबाने माझे कागद उलटेपालटे करून पाहिले. "छान केलंय. पण ॲप एका घराला एकच बिंदू घेतं. दुरुस्ती करायची तर बिंदू घेणाऱ्याच्याच लॉगिनमधून."

"म्हणजे मोबाइल चुकला तर घर पाडायचं?"

"आवाज कमी करा."

मी कमी केला नाही. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं.

पाचव्या दिवशी प्रज्योत मांडव्याच्या जेट्टीवर सापडला, बोटीची तिकिटं तपासताना. मला बघून कावराबावरा झाला. "दादा, काम संपलं त्याच दिवशी लॉगिन बंद केलं त्यांनी. आजी आठवते मला. ॲप वीस मीटरची चूक दाखवत होतं. उघड्यावर थांबलो असतो तर कमी झाली असती. पण आजी म्हणाली सावलीत ये, आणि दिवसाला साठ घरं होती. दाबलं बटण."

"लिहून देशील?"

त्याने तिथेच, तिकिटांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहून दिलं. सातव्या दिवशी तो कागद मी ऑफिसात दिला. पोच मिळाली. पुढच्या मंगळवारी जेसीबी आला. मी पोचेचा कागद हातात धरून त्याच्यासमोर उभा राहिलो. चालक खाली बघून म्हणाला, "काका, माझ्याकडे यादी आहे, बाजूला व्हा." दोन पोलिसांनी मला बाजूला केलं. आधी पडवी गेली. ज्या पत्र्याने सगळा घोळ केला, तो पुरता चुरगळायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

अपिलाचा कागद अजून फिरतोय. आकडे बरोबर आहेत, सगळे मान्य करतात. घर मात्र नाही.

काल बाईला भेटायला गेलो. पुतणीकडे एका खोलीत आहे, पुढे छोटा मांडव. भर दुपार. मी मांडवात पाय टाकणार तोच ती आतून ओरडली, "थांब! तिथंच ऱ्हा. उनानच उभा ऱ्हा."

"अगं भागुबाय, मी हाय."

"माहीत हाय मना. तिथनंच बोल."

पुतणीने ताकाचा पेला आणला. बाईने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला. मी अंगणातच उभा राहिलो.