सुनेच्या डिग्रीचा फ्लेक्स

मागच्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी थेरगावात, आमच्या चौकात, मी हातात बांबू घेऊन उभा होतो... या वयात, त्या उन्हात, आणि तेही आमच्याच सुनेच्या अभिनंदनाचा फ्लेक्स उतरवायला.

सुषमा, आमची सून, चाकणच्या एका कंपनीत लाइनवर आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. ग्रॅज्युएट झालीस की क्वालिटीच्या ऑफिसात घेऊ, असं तिच्या साहेबांनी सांगितलं आणि बारावीवर थांबलेल्या या मुलीने ऑनलाइन बीबीएला नाव घातलं. ऑफिस म्हणजे जनरल शिफ्ट, म्हणजे रोज संध्याकाळी लेकीजवळ बसायला मिळणार... एवढंच तिचं मागणं होतं.

तीन वर्षं तिने अभ्यास केला. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस अडकली की कानात हेडफोन घालून लेक्चर. घरी कणीक मळताना व्याख्या पाठ. आम्ही बस्करावर बसून गुरुजींच्या मागे एका चालीत कविता म्हणायचो, त्या मला अजून तोंडपाठ आहेत. सुषमाच्या नफ्यातोट्याच्या व्याख्यांनाही हळूहळू तशीच चाल लागलेली... मी बाहेरच्या खोलीतून ऐकत बसायचो.

डिग्री कुरिअरने आली. डांगे चौकातल्या स्टुडिओत काळा गाऊन भाड्याने मिळतो, तो घालून तिने फोटो काढला. तो फोटो मंडळाच्या पोरांच्या हाती लागला आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स! ‘उच्चविद्याविभूषित सौ. सुषमाताई यांचे हार्दिक अभिनंदन.’ खाली सगळ्या भाऊंचे चेहरे. सुषमापेक्षा भाऊच मोठे दिसत होते, पण ती किती हरखली होती...

मग पंधरा दिवसांपूर्वी कंपनीने डिग्रीची पडताळणी केली. सुषमा घरी आली, चप्पल काढली आणि उंबऱ्यातच बसून राहिली. विद्यापीठ खरं होतं, त्याला चांगली ग्रेडही होती. माहितीपत्रकावरची ती ठळक ग्रेड आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. पण ऑनलाइन कोर्सला सरकारी आयोगाची वेगळी परवानगी लागते, आणि तिने प्रवेश घेतला त्या वर्षी या कोर्सला ती नव्हतीच. कंपनीच्या लेखी ती अजून बारावी पास.

मी आपला माझ्या सवयीने म्हणालो, “अगं, शिकलेलं कुठे जातं? माझ्या कवितांना कुणी शिक्का मारलाय का?”

ती चिडली नाही. थकलेल्या आवाजात म्हणाली, “मामा, कवितेला मान्यता लागत नाही हो. नोकरीला लागते.”



तिची बस थांबते ती नेमकी त्या फ्लेक्सखाली. रोज उतरायचं आणि गाऊनमधल्या स्वतःकडे बघायचं... म्हणून मंगळवारी बस यायच्या आत तो गुपचूप काढायचा मी ठरवलं होतं. एक दोरी सुटली, दुसरी काही केल्या सुटेना. तेवढ्यात मंडळाचे बाळाभाऊ बुलेटवरून आले.

“आवं काका, ह्ये काय? आमी हौसेनं लावलाय. ऱ्हाऊ द्या की माझ्या वाढदिवसापत्तुर!”

मी उगाच वाऱ्याचं कारण पुढे केलं. पानही हलत नव्हतं... आणि बस आली.

सुषमा उतरली. तिने अर्धवट लोंबणारा फ्लेक्स पाहिला, माझ्या हातातला बांबू पाहिला. सगळं तिच्या लक्षात आलं असणार. मला वाटलं, मान खाली घालून घरी जाईल.

बाळाभाऊ म्हणाले, “वहिनी, सांगा काकांना. आवं, तुमचा फ्लेक्स बघून तर आमची भाची त्याच कोर्सला चाललीया. उद्या फी भरायची हाय.”

सुषमा थबकली.

“भाऊ, उद्या नका भरू,” ती म्हणाली. “माझी डिग्री कंपनीत चालली नाही.”

अख्ख्या चौकात, रिक्षावाल्यांना ऐकू जाईल एवढ्या स्वच्छ आवाजात... जे मी घरातल्या घरात दडवायला निघालो होतो ते.

“काय सांगता! न्हाई चालली?” बाळाभाऊंनी बुलेट बंद केली.

मग तिथेच उभं राहून तिने मोबाइलवर आयोगाची साइट उघडली. कुठलं विद्यापीठ, कुठला कोर्स, कुठलं वर्ष, तिन्ही कसं जुळवून बघायचं ते दाखवलं. त्या कोर्सचं नाव यंदाच्याही यादीत नव्हतं. बाळाभाऊंनी घाम पुसला, शेजारच्या दुकानातली शिडी खांबाला लावली आणि वर चढून दुसरी दोरी स्वतः सोडली. फ्लेक्सची गुंडाळी करून सुषमाने ती काखेत मारली आणि म्हणाली, “चला मामा, चहा करते.”

भाचीचं ॲडमिशन थांबलं. सुषमाचं काही बदललं नाही, या आठवड्यात तिची रात्रपाळी आहे. नवीन अर्ज तिने भरलाय, या वेळी यादी बघून... पण पुन्हा पहिल्या वर्षापासून. ती दमली आहे. तिच्याकडे बघून मीही दमतो. तरी काल दुपारी कणकेच्या परातीपाशी तीच जुनी व्याख्या त्याच चालीत ऐकू आली आणि मी मनातल्या मनात हात जोडले.

फ्लेक्स आता आमच्या गच्चीवर अंथरलाय. आमच्या हिने त्यावर कुरडया घातल्यात. खालचे सगळे भाऊ कुरडयांखाली गडप झालेत... सुषमाच्या फोटोवर मात्र हिने एकही कुरडई घातलेली नाही.