राखीव गडी वेस होलुब

वेस होलुब ज्या नदीकाठच्या पोलाद-गावात जन्मला, तिथे पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात फुटबॉल, म्हणजे हाताने फेकायचा तो अमेरिकी लांबट चेंडू, देत आणि म्हातारं चालायचं थांबलं की त्याला मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून देत. वेसचा बाप कोळशाच्या भट्टीवर होता. भट्टी बंद पडली, गावातली अर्धी घरं रिकामी झाली, पण शुक्रवारचा शाळेचा सामना कधी चुकला नाही. त्या सामन्यांत वेस क्वार्टरबॅक होता. म्हणजे प्रत्येक डाव ज्याच्या हातातून सुरू होतो तो. न्हाव्याच्या दुकानात त्याचा फोटो लागला होता. पहिल्या नंबरावर तो तेवढाच काळ राहिला.

पुढे तो व्यावसायिक संघात गेला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याला आपली पायरी कळली. त्याच्याहून लांब फेकणारे होते, जोरात पळणारे तर सगळेच होते. पण वेसची नजर तल्लख. समोरच्या अकरा जणांपैकी कोण कुठून अंगावर येणार हे त्याला त्यांच्या पायांवरून कळे. अशा माणसाला संघ हाकलत नाही आणि मैदानातही उतरवत नाही. पहिल्याला काही झालं तर असावा म्हणून ठेवतो. तीन-चार गावांचं पाणी पिऊन वेस शेवटी सरोवराकाठच्या त्या थंड शहरात आला आणि तिथेच टिकला.

त्याचं काम लोकांना सांगून पटत नसे. आठवडाभर सरावात तो बहुरूप्यासारखी सोंगं घ्यायचा. रविवारी ज्या संघाशी गाठ असेल त्याच्या क्वार्टरबॅकसारखं उभं राहायचं, त्याच्यासारखं ओरडायचं, त्याच्याच सवयीने चेंडू फेकायचा, म्हणजे आपल्या गड्यांना त्याची सवय होते. एखादा डावखुरा असला तर वेस आरशासमोर उभा राहून डाव्या हाताचा झोका शिकायचा. रविवारी मात्र कानाला हेडफोन लावून मैदानाच्या कडेला. संघाचे कपडे धुणारा म्हातारा त्याला दर सोमवारी विचारायचा, "होलुब, तुझे धुवायचे का नुसते झटकायचे?" वेस हसायचा. बायको मार्नी हसत नसे.

ट्रे गिडन्स आला तेव्हा वेस बत्तिशी ओलांडून गेला होता. ट्रे उबदार दक्षिणेतल्या जॉर्जियाचा, बाविशीतला पोरगा. त्याचा हात असा की चेंडू सुटला की बघणाऱ्यांची बोलती बंद. संघाने त्याच्यावर सगळी भिस्त ठेवली आणि वेसला सांगितलं, "याला शिकव."

बर्फ ट्रेने आयुष्यात पाहिला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात त्याच्या गाडीची चाकं रस्त्यातच रुतली, तेव्हा त्याने वेसला फोन केला. त्या दिवशी जेवायला म्हणून घरी आणलेला पोरगा वसंत येईपर्यंत दर दोन दिवसांनी येत राहिला. मार्नीच्या हातचे पिरोगी, बटाटा भरून उकडलेल्या करंज्याच त्या, त्याला इतके आवडले की तो ते आइस्क्रीमसारखे मोठ्या वाडग्यात घेऊन बसायचा. वेसच्या मुलीला, जोसीला, खांद्यावर घेऊन घरभर पळायचा आणि गोल केल्यासारखा 'टचडाउन!' म्हणून ओरडायचा. वेसला तो 'म्हातारबा' म्हणायचा आणि त्याचं एकही वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही.

"हे बघ, उजवीकडचा पाय मागे गेला की समज—"

"समजलं, म्हातारबा. तुझ्या काळात घोड्यावर बसून खेळायचे ना?"

"ऐक तरी, गाढवा."

"ऐकतोय की. चूक सांगतोयस, पण ऐकतोय."

वाद घालता घालता पोरगा शिकला. मैदानातून परतला की बाकावर वेसच्या शेजारीच बसायचा. दोघं डावाचे फोटो बघायचे, भांडायचे आणि पुढच्या डावात ट्रे नेमकं वेस सांगेल तेच करायचा. कबूल मात्र कधी केलं नाही.

तिसऱ्या वर्षी संघ जिंकू लागला. हंगामातला शेवटचा सामना जिंकला की बाद फेरीत प्रवेश, आणि त्या शहराने बाद फेरी पाहून एक पिढी उलटली होती. सरोवरावरून भुरभुर बर्फ येत होता. लोक तोंडं रंगवून, हातात बिअर घेऊन सकाळपासून उभे होते.

दुसऱ्या सत्रात ट्रे आदळला. डावीकडून लपून आलेल्या आडदांड गड्याने त्याला कमरेतून उचललं आणि आपटलं. पण ट्रे लगेच उठला, लोकांना हात केला, आणखी दोन डाव खेळला आणि बाकावर येऊन बसला.

"मी सांगितलं होतं, तो डावीकडचा लपतो," वेस म्हणाला.

"बरोबर आहे तुझं, वेस."

वेसने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. पोरगा समोर बर्फाकडे बघत होता. ओठाला थोडं रक्त, बाकी काही नाही.

"चेंडू फार वेळ हातात धरतोस. लवकर सोड."

"हो. सोडतो."

मग वेसने त्याला पारखायला मुद्दाम चुकीचं सांगितलं. "आणि आता मधूनच फेक. मध्ये कोणी नसतं." मध्ये समोरच्या संघाचे दोन चांगले गडी पहिल्या मिनिटापासून ठाण मांडून होते, बाकावरच्या कुणीही ते सांगितलं असतं.

"ठीक आहे," ट्रे म्हणाला. "मधून."

वेस उठला. मुख्य प्रशिक्षक ब्रँट बाजूलाच उभे होते, घसा बसलेले, डोळे तांबडे. "कोच, ट्रेच्या डोक्याला लागलंय. त्याला तपासायला हवं."

"कोण म्हणतं? चालतोय, बोलतोय. काय करतोय तो असं?"

"तो माझं ऐकतोय."

ब्रँट त्याच्याकडे बघत राहिले. "होलुब," ते हळू म्हणाले, "तुला उतरायचंय का?"

वेस सरळ संघाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. सिंडेलार नाव त्यांचं. रागीट आणि नेकीच्या बाई. त्यांनी ट्रेला कडेच्या लहानशा तंबूत नेलं. पोरगा हातपाय झाडत, शिव्या घालत गेला. त्याने महिना सांगितला, शहर सांगितलं, समोरच्या संघाचं नाव सांगितलं. आकडे उलटे म्हणताना एकदा अडखळला. बाई बाहेर येऊन ब्रँटना म्हणाल्या, "खात्री नाही मला. आणि खात्री नाही म्हणूनच सोडणार नाही."

वेसने हेल्मेट घातलं. पट्टा बांधताना छातीत काहीतरी उसळ्या मारत होतं. थंडीचं नव्हतं ते, भीतीचंही नव्हतं. तो आनंद होता. त्याला तो ओळखू आला आणि त्याची लाज वाटली. पण आनंद लाजेने कमी होत नाही.

बराच वेळ त्याने डाव सांभाळला. छोट्या छोट्या फेकी, चिवट खेळ, हातची आघाडी घट्ट धरून ठेवलेली. लोक त्याचं नाव घेऊन ओरडू लागले. मग शेवटाकडे समोरच्यांनी आघाडी मोडली आणि वेसला एक लांब फेक करणं भाग पडलं. कुठे फेकायचं ते त्याला दिसत होतं. नजर चुकलीच नाही. हात कमी पडला. चेंडू हवेत लोंबकळला आणि समोरच्या संघाच्या गड्याच्या हातात गेला. ट्रेने तोच चेंडू डोळे मिटून पोचवला असता.

सामना गेला, बाद फेरीही गेली. कपडे बदलायच्या खोलीत ट्रे अंगावर कोट चढवून वेसच्या समोर येऊन उभा राहिला.

"तू सांगितलंस त्यांना."

"ट्रे, तू माझं ऐकत होतास. मी मधून फेक म्हणालो आणि तू ठीक आहे म्हणालास. म्हणून—"

"अरे, मी तुझं ऐकतच नव्हतो! तुझी बडबड थांबावी म्हणून हो हो करत होतो. डोक्यात पुढचा डाव होता माझ्या." त्याचा आवाज चिरकला. "तीन वर्षं तुझ्या घरी जेवलो मी, वेस."

"तेच तर," वेस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. 'काही झालंच नसेल असं नाही,' असंही डॉक्टर म्हणाले, पण ते कोण छापतो? रेडिओवर दिवसभर वेसची सालटी काढली. कुणी म्हणालं दहा वर्षं टपून बसला होता. कुणी म्हणालं आयत्या बिळावर नागोबा. मार्नीने दुकानात जाणं सोडलं. जानेवारीत जोसीने दोनदा विचारलं, "ट्रेकाका का नाही आला?" तिसऱ्यांदा विचारलं नाही.

मार्चमध्ये संघाने त्याला बोलावून सांगितलं, की आता नवा माणूस घेतोय, तुझे आभार. ट्रेने सांगून काढायला लावलं असं लोक म्हणत. वेसने शोध घेतला नाही. दुसऱ्या कुठल्या संघाचा फोन आला नाही. पहिल्या गड्याला ज्याच्याकडे निर्धास्तपणे पाठ करता येत नाही तो राखीव गडी कुणाला हवा?

तो गावी परतला. मार्नीच्या भावाचा घरं गरम करणाऱ्या भट्ट्या बसवायचा धंदा होता, त्यात लागला. गिऱ्हाइकं ओळखायची. "होलुब, ही भट्टी तरी शेवटपर्यंत चालव रे बाबा," असं म्हणून खो खो हसायची, कॉफी द्यायची. वेसही हसायचा. गुडघे टेकून लोकांच्या तळघरात काम करताना एक प्रश्न त्याला सोडत नसे. पोराला लागलंय म्हणून मी उठलो, की मला मैदान दिसलं म्हणून मला पोराचं लागणं दिसलं? ब्रँटनी विचारलं तेव्हा 'नाही' हा एक शब्द तोंडातून का निघाला नाही? मार्नीला त्याने एकदा हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "दोन्ही असेल. माणसाच्या पोटात एकच गोष्ट कधी असते?" त्याचं समाधान झालं नाही.

दोन हिवाळे गेले. ट्रेला दक्षिणेकडच्या एका संघाने घेतलं होतं. एका रविवारी वेस एका म्हातारीच्या तळघरातून वर आला तर तिचा टीव्ही चालू होता आणि ट्रे गवतावर आडवा पडला होता. हात वर, बोटं वाकडी, कुणी ओढून धरल्यासारखी ताठ. म्हातारी म्हणाली, "अरे देवा, कुणाचं लेकरू आहे ते?" वेस हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला.

वसंतात बातमी आली: डोक्याला बसलेल्या मारामुळे ट्रे गिडन्स खेळ सोडतोय.

वेसने न कळवताच गाडी काढली आणि जॉर्जियाला गेला. ट्रे आईकडे राहत होता. आई, लोरेन, शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलेली बाई, दारात त्याला ओळखून क्षणभर थांबली आणि बाजूला झाली. मागच्या ओसरीवर ट्रे काळा चष्मा लावून बसला होता. अंगाने सुटला होता, पण आवाज तोच.

"बघ कोण आलंय. तुझंच खरं होतं हे सांगायला आलास?"

"नाही."

"हे नंतरचं आहे. त्या दिवशी मला काही झालं नव्हतं. तो सामना माझा होता, वेस. आपण जिंकलो असतो."

"जिंकलो असतो," वेस म्हणाला. "तू असतास तर."

शेजारच्या अंगणात कुणीतरी गवत कापत होतं. त्या यंत्राच्या आवाजाने ट्रेचा चेहरा आक्रसत होता.

"एकच सांग," तो म्हणाला. "खोटं बोललास तर कळेल मला. तुला उतरायचं होतं ना?"

"होतं," वेस म्हणाला. "रोज होतं. तू येण्याआधीपासून होतं."

"मग?"

"मग काही नाही. तुला लागलंय असंही मला वाटलं होतं. अजून वाटतं. दोन्ही खरं आहे. त्यातलं आधी कुठलं ते मला माहीत नाही, ट्रे. मी शोधून थकलो."

ट्रेने चष्मा काढला. डोळे उजेडाने पाणावले होते, की कशाने, सांगता येणार नाही. "तू नाही म्हणाला असतास तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "मला तुझा नीट राग तरी करता आला असता." मग उठला, भिंतीला हात लावत आत गेला, आणि आतलं दार लागलं.

लोरेन वेसला गाडीपर्यंत सोडायला आली. कागदात गुंडाळलेला मक्याचा पाव तिने त्याच्या हातात दिला. "तुम्ही त्याला पहिल्या हिवाळ्यात जेवू घातलंत, ते मी विसरले नाही," ती म्हणाली. "तुमच्यावर माझा राग नाही, मिस्टर होलुब. पण पुन्हा येऊ नका. कुणी जुनं माणूस येऊन गेलं की पुढचे दिवस मला काढावे लागतात."

"नाही येणार," वेस म्हणाला.

तो पाव त्याने डोंगरातल्या एका पेट्रोल पंपावर, गाडीच्या टपावर कागद पसरून उभ्या उभ्या खाल्ला. गोड होता. वरच्या रस्त्यावरून मोठमोठे ट्रक जात होते. घरी पोचला तेव्हा मार्नी जोसीला शाळेत सोडून परतली होती. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि कॉफी ठेवली.

"भेटला?" थोड्या वेळाने ती म्हणाली.

"भेटला."

"काय म्हणाला?"

वेसने कप दोन्ही हातांत धरला. "काही नाही. उजेड सोसत नाही त्याला," तो म्हणाला, आणि कामाचे बूट शोधायला खाली गेला, कारण मेव्हण्याची गाडी दारात येऊन उभी राहिली होती.